गुरुवारी पुन्हा बघू

शस्त्रक्रिया मनासारखी झालेली असते. बायपासचे सगळे जोड नीट बसलेले असतात, महाधमनीवरचा चिमटा निघालेला असतो, हृदय पुन्हा धडधडायला लागलेलं असतं. आणि तरी रक्तदाब वर येत नाही. भूलतज्ज्ञ अॅड्रिनलिन वाढवतात, मिल्रिनोन सुरू होतं, मांडीच्या धमनीतून बलून पंप वर सरकवला जातो. हार्ट-लंग मशीनचा प्रवाह मी थोडा थोडा कमी करत जाते आणि मॉनिटरवरची लाल रेघ खाली बसत जाते. मग प्रवाह परत वाढवायचा, थकलेल्या हृदयाला थोडी विश्रांती द्यायची, पुन्हा एकदा प्रयत्न करायचा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नानंतर कोणीतरी म्हणतं, "पेशंट पंपावरून उतरत नाहीये." सर्जन माझ्याकडे बघतात आणि विचारतात, "एक्मो तयार आहे?"

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्या शंभर प्रौढांमागे एखाद्यावर ही वेळ येते. मी परफ्युजनिस्ट आहे. शस्त्रक्रियेत हृदय थांबवलेलं असताना रक्त फिरवणारं मशीन चालवणं हे माझं काम. माहेर दौंडचं, सासर शिरूरचं, नोकरी पुण्यातल्या एका रुग्णालयात. त्यामुळे नगर रस्त्यावरून येणारे आणि सोलापूर रस्त्यावरून येणारे, दोन्हीकडचे पेशंट मला आपले वाटतात. आयसीयूबाहेरच्या जिन्यावर बसलेल्या नातेवाइकांचं बोलणं कानावर पडलं की न्हावऱ्याकडचे की केडगावकडचे हे साधारण कळतं. आणि एकदा का 'ताई आपल्याकडच्याच आहेत' हे त्यांना समजलं, की जे प्रश्न डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही ते सगळे माझ्याकडे येतात. त्यातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: मशीनवर किती दिवस?

त्याचं उत्तर द्यायचं तर आधी हे मशीन काय करतं आणि काय करत नाही ते सांगावं लागतं.

रक्त शरीराबाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत आत सोडायचं, ही कल्पना जॉन गिबन या अमेरिकन डॉक्टरला सुचली ती 1931 साली, बोस्टनमध्ये. फुप्फुसाच्या धमनीत गुठळी अडकलेल्या एका बाईजवळ तो रात्रभर बसून होता आणि तिचा चेहरा निळा पडत चाललेला बघत होता. त्या रात्रीपासून पहिल्या यशस्वी शस्त्रक्रियेपर्यंत, म्हणजे 6 मे 1953 पर्यंत, बावीस वर्षं गेली. प्रयोगशाळेत त्याच्या बरोबरीने काम करणारी त्याची पत्नी मेरी हीच मला आमच्या व्यवसायाची पहिली माणूस वाटते. पण गिबनचं मशीन काही तासांसाठी होतं, आणि थिएटरमधलं आजचं मशीनही तसंच आहे. त्यात रक्त उघड्या टाकीतून जातं, ते गोठू नये म्हणून हेपॅरिन भरपूर द्यावं लागतं आणि जितका वेळ जास्त जाईल तितका रक्तपेशींना मार बसतो. दिवसच्या दिवस चालायचं तर टाकी काढून बंदिस्त, आखूड सर्किट करायला हवं, रक्त आणि वायू यांच्यामध्ये पातळ पडदा हवा. तसा पडदा आल्यावर 1971 मध्ये डॉ. डोनाल्ड हिल यांनी कॅलिफोर्नियात मोटारसायकलच्या अपघातात सापडलेल्या चोवीस वर्षांच्या तरुणाला पंचाहत्तर तास मशीनवर ठेवून वाचवलं. 1975 मध्ये डॉ. रॉबर्ट बार्टलेट यांनी एका नवजात मुलीला जगवलं. दिवसच्या दिवस चालणारं हे मशीन म्हणजेच एक्मो. आपल्याकडे लोकांना हा शब्द ठाऊक झाला तो कोविडमध्ये, फुप्फुसांसाठी. हृदयासाठी लावलेल्या एक्मोची गोष्ट वेगळी आहे.

त्यात मांडीच्या शिरेतून सात-आठ मिलिमीटर जाडीची नळी हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत जाते. तिथून ओढलेलं काळपट रक्त पंपातून ऑक्सिजनेटरमध्ये जातं आणि लालभडक होऊन मांडीच्या धमनीतून परत येतं. मिनिटाला साडेतीन-चार लिटर. प्रौढ माणसाचं हृदय विश्रांतीत पाचेक लिटर फिरवतं, तेव्हा जवळजवळ सगळाच भार मशीनने उचललेला असतो. पण मांडीच्या धमनीत नळी बसली की खालच्या पायाचं रक्त अडतं, म्हणून त्या पायासाठी वेगळी बारीक नळी घालतात. धमनीतून उलट्या दिशेने येणाऱ्या या रक्ताच्या दाबाविरुद्ध अशक्त हृदयाला झडप उघडावी लागते. ती उघडलीच नाही तर डावा कप्पा फुगतो आणि आत साचलेलं रक्त गोठतं. रक्त पातळ ठेवावं तर ताज्या जखमेतून वाहतं, पातळ ठेवू नये तर ऑक्सिजनेटरमध्ये गुठळ्या धरतात. रात्रपाळीला मी दर तासाला टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटरचे कोपरे बघते. पांढरे तंतू दिसले तर नोंद करायची, काळा डाग वाढताना दिसला तर सरांना उठवायचं. हेपॅरिनचा हिशोब आणि पायाच्या बोटांचा रंग हे दोन्ही रात्रभर बघत राहावं लागतं.

आणि एवढं करूनही मशीन हृदय दुरुस्त करत नाही. हृदय स्वतः सावरेपर्यंत ते बाकीच्या शरीराला जगवतं, एवढंच.

शिरूर तालुक्यातला एक बागायतदार आमच्याकडे आला होता. वय पन्नाशीच्या पुढे, ऊस आणि कांदा करणारा. रात्री छातीत जळजळलं. पित्त म्हणून सोडा घेतला. पहाटे घाम फुटला तरी दिवस उजाडेपर्यंत थांबला. दुपारी ईसीजी निघाला तेव्हा झटका येऊन बारा तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचा उपयोग पहिल्या काही तासांत. त्यानंतर स्नायू मरत जातो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. मग रांजणगाव, शिक्रापूर, कोरेगाव भीमा, वाघोली असा तो रस्ता. या रस्त्यावर अॅम्ब्युलन्सचा सायरनही गर्दीत अडकून राहतो. तिन्ही रक्तवाहिन्या बंद, हृदयाची ताकद निम्म्याहून कमी. सोमवारी तातडीने बायपास झाली आणि तो पंपावरून उतरला नाही.

त्याचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी आत आला, पायात प्लॅस्टिकचे बूट, अंगात हिरवा गाऊन. भावाच्या चेहऱ्याकडे त्याने एकदाच पाहिलं आणि नंतर बराच वेळ पंपाकडे बघत राहिला. "ताई, हे सेंट्रिफ्यूगल का?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. त्याच वेळी शिरेकडची नळी थरथरायला लागली होती आणि प्रवाहाचा आकडा खालीवर होत होता. तो म्हणाला, "आमच्या विहिरीचं पाणी तुटलं की पाइप असाच फडफडतो. मोटार हवा धरायच्या आधी. तेव्हा मोटार जोरात नाही चालवायची, कॉक आवळायचा." मी पंपाचे फेरे कमी करत होते आणि सिस्टर रक्ताची पिशवी लावत होती. शिकाऊ मुलांना मी हे कितीदा सांगते: नळी थरथरली की फेरे वाढवायचे नाहीत, वाढवले तर शिरेची भिंत नळीच्या तोंडावर खेचली जाते, आधी आत रक्त पुरेसं आहे का ते बघा. कुकडी कालव्याच्या आवर्तनाची वाट बघत विहीर सांभाळणाऱ्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, तोही शेतकऱ्याचाच: "लाइट गेली तर?" मी त्याला मशीनची बॅटरी दाखवली, आणि बाजूला अडकवलेला हाताने फिरवायचा दांडा दाखवला. सगळं बंद पडलं तर पंप हाताने फिरवत ठेवायचा. रात्रीच्या थ्री-फेजला बिबट्याच्या भीतीत बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणाऱ्या त्या माणसाने तो दांडा हात लावून पाहिला. त्या दिवसापासून त्यांच्या घरात मशीनबद्दल बोलणारा माणूस तोच झाला. बहिणी आल्या, मामा आले, तो त्यांना सगळं समजावून सांगायचा, आणि मी सांगितलं असतं त्याहून चांगलं.

मला पटलेली गोष्ट अशी, की नातेवाइकांना तंत्र समजतं. समजत नाही ती दिशा, कारण ती आपण त्यांना सांगत नाही. एक्मो लावल्यावर पुढे जायला वाटा तीनच. हृदय सावरलं तर मशीन काढायचं. नाही सावरलं तर छातीत कायमचा यांत्रिक पंप बसवायचा, ज्याचा खर्च अर्ध्या कोटीच्या वर जातो. नाहीतर हृदय बदलायचं. प्रत्यारोपणाचं नाव काढलं की आपल्याला मुंबईचं केईएम आठवावं. ख्रिश्चन बर्नार्डने केप टाउनला पहिलं हृदय बदललं डिसेंबर 1967 मध्ये, आणि फेब्रुवारी 1968 मध्ये केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी ते करून पाहिलं. तो रुग्ण काही तासच जगला, आणि आपल्या देशात मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा यायला त्यानंतर 1994 साल उजाडलं. आज पुण्यात विभागीय प्रत्यारोपण समितीच्या यादीतून हृदय मिळतं. पण नुकती छाती उघडलेला, मूत्रपिंडं कुरकुरणारा, रक्त पातळ ठेवलेला माणूस त्या शस्त्रक्रियेला टिकेल का, आणि तोवर मेंदूमृत रुग्णाचं जुळणारं हृदय मिळेल का, हा प्रश्न असतो. तेव्हा आमच्या जिन्यावर बसलेल्या बहुतेक घरांसाठी तीनपैकी एकच वाट खरी असते. हृदय सावरायला हवं, आणि ते सावरणार असेल तर त्याची चिन्हं बहुधा पहिल्या तीन ते पाच दिवसांत दिसायला लागतात.

हे शस्त्रक्रियेच्या दिवशीच सांगायला हवं असं माझं ठाम मत आहे. युरोप-अमेरिकेतल्या चार संघटनांनी मिळून 2020 सालचं जे मतपत्र काढलं ते नेमकं याच रुग्णांविषयी, म्हणजे हृदयशस्त्रक्रियेनंतर एक्मो लागलेल्या प्रौढांविषयी आहे. कोणाला लावावं, केव्हा लावावं, कसं उतरवावं, केव्हा थांबावं याचा ऊहापोह त्यात आहे. जगभरच्या नोंदी बघितल्या तर अशा शंभर रुग्णांतले तीस-चाळीस घरी जातात. हा आकडा मी लपवत नाही. काही जण म्हणतात की तो ऐकून घरचे खचतात. मला दिसतं ते असं, की आकडा न सांगितल्यावर ते आशेने सोनं गहाण ठेवतात, सोसायटीचं कर्ज काढतात, दुभती म्हैस विकतात. बायपास आणि झडपेची शस्त्रक्रिया महात्मा फुले जनआरोग्य योजनेत होते, पण एक्मोचा लाखांचा खर्च अंगावर येतो तेव्हा मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज भरा, धर्मादाय रुग्णालयात गरिबांसाठी राखीव खाटा असतात त्यांची चौकशी करा, ही धावपळ घरातल्या एखाद्या पोराच्या गळ्यात पडते. ती करणाऱ्याला निदान कशासाठी धावतोय हे ठाऊक हवं.

म्हणून आमच्या सरांनी एक पद्धत घातली. मशीन लागलं त्याच संध्याकाळी घरच्यांना बसवून सांगायचं: आज सोमवार. रोज इको करू. गुरुवारी पुन्हा एकत्र बसू. तोवर हृदय आपणहून थोडं ढकलायला लागलं, महाधमनीची झडप प्रत्येक ठोक्याला उघडायला लागली, तर पुढे जाऊ. नाही लागली तर काय, हेही गुरुवारी बोलू.

शिरूरच्या त्या भावाला गुरुवारी इकोची चित्रं दाखवली. झडप अधूनमधून उघडत होती. रविवारपर्यंत वाट बघायचं ठरलं. शुक्रवारी लघवी बंद झाली, डायलिसिस जोडलं. शनिवारी रात्री पोट फुगलं, लॅक्टेट चढत गेलं आणि उतरलं नाही. आतड्याचं रक्त तुटलं होतं. रविवारी इकोत हृदय जवळजवळ स्थिर होतं.

ही बैठक सर्वांत अवघड. 'मशीन काढा' असं म्हणायला कोणता मुलगा, कोणता भाऊ तयार होईल? गावात परतल्यावर आयुष्यभर त्याला लोक विचारतील, आणि तो स्वतःला विचारेल. त्याच्या सहीवर हा निर्णय ढकलणं मला क्रूरपणा वाटतो. आपल्याकडे कायदाही याच वाटेने हळूहळू स्पष्ट होत गेला. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये पहिल्यांदा दार किलकिलं केलं, 2018 मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि 2023 च्या जानेवारीत प्रक्रिया सुटसुटीत केली: उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ, त्याच्यावर वेगळं दुसरं मंडळ, आणि शक्यतो अठ्ठेचाळीस तासांत मत. घरच्यांची संमती लागते. पण उपचारांचा उपयोग उरला नाही, हे म्हणण्याची जबाबदारी डॉक्टरांवर असते. सर तेच म्हणाले, शब्द न चावता: "आम्ही करू शकत होतो ते सगळं केलं. आता मशीन त्यांना बरं करत नाहीये. हा आमचा निर्णय आहे, तुम्ही फक्त आमच्याबरोबर राहा." भाऊ म्हणाला, "गुरुवारीच समजलं होतं सर. आईला आणतो." मंडळांची मतं येईतो दौंडहून निघालेली बहीणही पोचली. तोवर त्या घराची तयारी झालेली होती. आणि त्या तयारीला गुरुवार आणि रविवार कारणी लागले होते. एकाच क्षणी बाहेर येऊन सांगितलेल्या मृत्यूनंतर जिन्यावर जो आक्रोश होतो, संशय येतो, काचा फुटतात, त्यातलं काही तिथे झालं नाही. जाताना त्या माणसाने मला नमस्कार केला. मला बोलता आलं नाही.

दौंड तालुक्यातली बाई त्याच्यानंतर काही महिन्यांनी आली. तिशीतली, नवरा गुऱ्हाळावर कामाला. लहानपणी सांधे सुजले होते, ताप यायचा. तो संधिवाताचा ताप होता आणि त्याने हृदयाची झडप खाल्ली हे लग्नानंतर, दुसऱ्या बाळंतपणात दम लागला तेव्हा समजलं. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळत राहिलं असतं तर कदाचित ही वेळ आली नसती. शस्त्रक्रियेला आली तोवर फुप्फुसांतला दाब फार वाढलेला होता. झडप बदलली, डावी बाजू चांगली चालली, पण वर्षानुवर्षं त्या दाबाविरुद्ध ढकलून थकलेली उजवी बाजू बसली. एक्मो लागलं.

तिला रक्त खूप लागलं. ताज्या जखमेतून गळत होतं, छाती पुन्हा उघडून साफ करावी लागली. नवऱ्याच्या ओळखीने दौंडच्या राज्य राखीव पोलीस दलातले जवान सकाळच्या गाडीने आले, रक्तपेढीत रांगेत बसले आणि दुपारच्या गाडीने परत ड्यूटीवर गेले. दौंड जंक्शनच्या पोरीला अशा वेळी आपल्या गावाचं जे वाटतं ते सांगता येत नाही. माझे वडील तिथेच रेल्वेत होते. रात्रपाळीला घराबाहेर पडणारी माणसं आणि त्यांच्यासाठी जागणारी घरं मी लहानपणापासून पाहिली आहेत.

तिच्याही घरच्यांना वार सांगितला होता. त्या दिवशी इकोत उजवा कप्पा आकसून प्रसरण पावताना दिसला. मग उतरवण्याची परीक्षा. प्रवाह अर्ध्या अर्ध्या लिटरने कमी करायचा, प्रत्येक पायरीवर थांबून रक्तदाब आणि इको बघायचा, साधारण एक-दीड लिटरपर्यंत यायचं. हा वेळ धोक्याचा, कारण संथ वाहणारं रक्त सर्किटमध्ये लवकर गोठतं. हेपॅरिनची पातळी आधी तपासून घ्यावी लागते आणि फार रेंगाळून चालत नाही. तिचा दाब टिकला. दुसऱ्या दिवशी थिएटरमध्ये नेऊन नळ्या काढल्या, धमनी शिवली. मी सर्किट क्लॅम्प केलं आणि पंप बंद केला. या कामात मी पंप दोन कारणांनी बंद करते, आणि दोन्ही वेळी हात तेच करतात.

आंतरराष्ट्रीय नोंदवहीत तिची नोंद 'रुग्णालयातून घरी' अशी झाली. हिशोब तिथे थांबतो, पण तिचं पुढचं सगळं त्यानंतर सुरू झालं. इतके दिवस पडून राहिल्याने मांड्यांचे स्नायू गळाले होते. नळी होती त्या पायाचा पंजा वर उचलत नव्हता, चालताना बोटं घासत होती. स्प्लिंट दिली, व्यायाम शिकवले, नवऱ्याला समोर बसवून तिचा पाय धरायला लावला. धातूची झडप म्हणजे जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी, आणि गोळीचा डोस ठरवायला आयएनआरची तपासणी. तिचा अहवाल दौंडच्या लॅबमधून नवरा मोबाइलवर पाठवतो, आमच्या ओपीडीतून डोस कळवला जातो. दात काढायचा झाला तर आधी विचारायचं. आणखी मूल हवं असेल तर दिवस जायच्या आधी विचारायचं, कारण ही गोळी पोटातल्या गर्भाला घातक ठरू शकते. हे मी तिला तिच्या सासूच्या देखत सांगितलं, मुद्दाम, म्हणजे नंतर दोष तिच्यावर येणार नाही. सासू म्हणाली, "दोन लेकरं हायेत, बास झाली. ही राहिली पाहिजे."

मागच्या तपासणीला ती नवऱ्याबरोबर लोकलने आली होती. पाय अजून थोडा ओढते. उसाच्या मोळीला हात लावू का, असं तिने विचारलं. छातीचं हाड सांधलंय, पण आयएनआर अजून वरखाली होतोय आणि कोयता लागला तर रक्त थांबायला वेळ लागेल, म्हणून या हंगामात नको, असं तिला सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली. तिला ते पटलेलं दिसलं नाही, तेव्हा सरांनी पुढच्या महिन्याची तारीख घातली आणि पायाचे व्यायाम रोज दोनदा, असं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं.